झुंबरआजीची चुंबळ

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडील नामपूरच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलतात, आई खळ्यावर कांदा निवडते. आमच्या घरात आजवर झालेलं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे बहिणीच्या लग्नात कुणी कोणतं भांडं दिलं त्याची यादी, आणि तीही मीच लिहिली होती. तेव्हा एका परक्या बाईबद्दल पानंच्या पानं लिहायला बसणं म्हणजे दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला गेल्यासारखं वाटतं. कुठेतरी उसवेल आणि सगळ्यांना दिसेल.

पण कारण आहे. मी नाशिकला फिजिओथेरपी शिकतो. तिसऱ्या वर्षी आम्हाला एक पाहणी करायची होती. वय झालेल्या माणसांची झोप कशी आहे आणि उभं राहताना त्यांचा तोल कसा आहे, हे पाहायचं होतं. माझ्या वाट्याला मखमलाबादकडचे मळे आले. प्रत्येक माणसाचा एक कागद. झुंबरआजीच्या कागदावर चार आकडे भरले. आमच्या मॅडम कडक. त्या म्हणाल्या, "मोजलं तेवढंच लिही. गोष्टी नकोत." मी तसंच केलं. उरलेलं सगळं माझ्याकडे राहिलं. ते कुठे ठेवावं कळत नाही, म्हणून इथे ठेवतो.

पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा आजी पडवीत झेंडूचे हार ओवत बसली होती. उंचीला सातवीतल्या मुलीएवढी, कपाळावर हिरवं गोंदण, आणि डोळे असे की समोरच्या माणसाची पिशवी आधी बघणार, मग माणूस. मी नमस्कार केला, कॉलेजचं पत्र दाखवलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला झोप कशी लागते?"

तिनं मागे वळून पाहिलं. मग उजवीकडे, मग डावीकडे.

"कोनाला इचारतो?"

"तुम्हालाच."

"मंग तुमी तुमी काय करून राह्यला? म्या एकलीच हाय हितं."

त्या दिवसापासून मी तिला 'तू' म्हणू लागलो. त्यामुळे इथेही 'ती' असंच येईल. कुणाला उर्मटपणा वाटला तर तो तिचा हुकूम समजावा.

कागदावर पहिला प्रश्न होता की गेल्या महिन्यात साधारण किती वाजता जाग आली. आजी म्हणाली, "दोनला." मी विचारलं, "रोज?" ती म्हणाली, "नाय. अमावास्येला पावनेदोन." ही चेष्टा आहे हे मला दोन दिवसांनी कळलं, तोवर मी ते कागदावर लिहिलेलं होतं.

पण दोनचं खरं होतं. लग्न होऊन या मळ्यात आली तेव्हापासून ती दोनला उठत होती. ऊन लागलं की झेंडू मान टाकतो, म्हणून फुलं उजाडायच्या आत तोडायची, पाटीत भरायची, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराची वाट धरायची. आधी कंदील, मग बॅटरी. आता तिचा मुलगा नामदेवभाऊ संध्याकाळीच माणसं लावून फुलं तोडून घेतो आणि टेम्पोनं पाठवतो. कामं सगळी बदलली. आजीच्या अंगातलं घड्याळ मात्र कुणी बदललं नव्हतं. दोन वाजले की ती उठायची आणि करायला काही नाही म्हणून अंगण झाडायची.

"झाडू लपवून बघितला," तिची सून सुनंदाताई मला चहा देताना म्हणाली. "तर हातानं पाचोळा वेचत बसल्या. कुत्रं वैतागून शेजारच्या मळ्यात झोपायला गेलं."

"त्याला मुळातच घरात लक्ष नाय," आजी म्हणाली.

आणि मग दिवसा ती झोपायची. झोपायची म्हणजे काय, तर बोलता बोलता जायची. एकदा सुनंदाताईला ओरडत होती, "तुला शंभरदा सांगितलं, केळीच्या पातीचा दोरा..." आणि तिथेच थांबली. हनुवटी छातीवर. पण हात चालू. सुई फुलात, फूल दोऱ्यात, पुन्हा सुई. एकदाही बोटाला टोचलं नाही. मी श्वास रोखून पाहत राहिलो. पाचसात मिनिटांनी मान वर आली आणि तोंडातून निघालं, "...ओला करून घ्यायचा." मी म्हणालो, आजी, तू झोपली होतीस. ती म्हणाली, "डोळे मिटून इचार करत व्हते." अशाच एका विचारात हार इतका लांब झाला की शेवटी तो टेम्पोला पुढून मागून दोनदा गुंडाळावा लागला.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. मी गेलो तेव्हा त्या घरात एक भांडण चालू होतं, आणि मला नकळत मी त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

आषाढापासून आजी दोनदा पडली होती. एकदा उंबऱ्यात, एकदा मोरीत. हाड मोडलं नाही, पण कपाळाला टेंगूळ आलं, आणि नामदेवभाऊ घाबरला. हा माणूस धिप्पाड, आवाज मोठा, पण आईला टेंगूळ आलं त्या रात्री सुनंदाताईपेक्षा तोच जास्त रडला असं सुनंदाताईनंच मला सांगितलं. सकाळी त्यानं जाहीर केलं की आईनं आता बाजारात जायचं नाही. दसऱ्यालासुद्धा नाही.

फूलबाजारात आजीची एक जागा होती. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाची पायरी. एरवी ती आठवड्यातून एकदा जायची, पण दसऱ्याला मात्र पहाटेपासून तिथेच. चाळीस दसरे तिनं त्या पायरीवर काढले होते.

"बाजारात तोंडावर पडली तर?" नामदेवभाऊ म्हणाला.

"तर उठंन."

"आन नाय उठता आलं तर?"

"तर तिथं फुलं आयतीच हायेत," आजी म्हणाली.

नामदेवभाऊचा चेहरा असा झाला की मला पाणी प्यावंसं वाटलं. त्याच वेळी त्याचं लक्ष माझ्या गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे गेलं. हे काय मोजतं, त्यानं विचारलं. मी सांगितलं की माणूस एका पायावर किती सेकंद उभा राहतो ते मोजतो. दहा सेकंद राहिला तर बरं, त्याहून फारच कमी असेल तर पडण्याची भीती जास्त.

"झालं तर मंग!" नामदेवभाऊ म्हणाला. "आई, ह्या पोरासमोर दहा मोजेस्तोवर उभी राह्य. राह्यली तर दसऱ्याला जा. नाय तर नाय."

दसऱ्याला तेव्हा सात आठवडे होते. मी म्हणायला हवं होतं की माझा कागद अशा कामासाठी नाही. पण मोठ्या माणसांसमोर माझा आवाज वेळेवर निघत नाही. तो निघेपर्यंत आजीनं पदर खोचला होता.

मी बाजूला खुर्ची ठेवली, तिच्या मागे हात पसरून उभा राहिलो. सुनंदाताई म्हणाली की मी कोंबडी धरायला उभा असल्यासारखा दिसत होतो. आजीनं पाय उचलला. एक, दोन, तीन, आणि ती खुर्चीवर. पुन्हा. तीन. दुसऱ्या पायावर दोन.

मी लिहीत होतो तेव्हा ती माझ्या खांद्यावरून कागदात डोकावली. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते.

"तीन लिव्हलं?"

"तीनच झाले, आजी."

"त्याच्याम्होरं एक टिंब दे."

"म्हणजे तीस होतील!"

"मंग? शून्याला काय लय शाई लागती का?"

मी मान खाली घालून बसलो. टिंब दिलं नाही. आजीनं त्या दिवसापासून माझं नाव घड्याळ्या ठेवलं, आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

झोपेच्या प्रश्नांत शेवटी एक प्रश्न होता की झोपेसाठी काही औषध घेता का.

"नाय," आजी म्हणाली.

"कधीच नाही?"

"अर्धी."

"अर्धी काय?"

"अर्धी गोळी. अर्धी म्हंजे काय गोळी व्हय?"

सुनंदाताईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मग एकेक बाहेर आलं. आजीच्या अंगण झाडण्यानं घराची झोप मोडते म्हणून आजीला वाईट वाटत होतं. तिनं शेजारच्या शांताबाईकडे बोलून दाखवलं. शांताबाईला तिच्या डॉक्टरनं झोपेची गोळी दिली होती. तिनं मोठ्या मनानं, जणू विरजण द्यावं तशी, अर्धी काढून दिली. ती घेतली की दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचे पाय कापसाचे व्हायचे. मोरीतलं पडणं त्यातलंच होतं. मी मॅडमना फोन केला. मॅडम इतक्या जोरात बोलल्या की आजीला फोन कानाला न लावता सगळं ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊ तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि अर्धी गोळी बंद झाली.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दुपारी एकदाच झोपायचं आणि तेही थोडा वेळ. आणि अंथरुणातून एकदम उठायचं नाही. आधी कडेला बसायचं, दहा मोजायचे, मग उभं राहायचं.

आजीला दहा मोजणं कंटाळवाणं वाटलं. तिनं त्याऐवजी दहा नावं घ्यायला सुरुवात केली. तिचा ज्यांच्यावर राग होता अशा दहा माणसांची.

"पहिलं शांताबाई," सुनंदाताईनं मला हळूच सांगितलं. "मग आमचे हे. मग भावकीतले तिघं. मग छत्रीवाल्याचा पोरगा, त्यानं पायरी धुतली म्हणून. सातवी मी. आणि आता तुम्ही."

"मी कितवा?"

"आठवे होता. मग त्यांना ते टिंब आठवलं, आता तिसरे."

माझा चेहरा पडला असावा, कारण ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. वर असणं चांगलं असतं. मला सातव्याला यायला एकवीस वर्षं लागली."

तोल मात्र सुधारत नव्हता. मी दर शनिवारी द्वारका चौकात बस बदलून मळ्यात जायचो, खुर्चीला धरून टाचा उचलायला लावायचो, भिंतीशी उभं करायचो. आजी सगळं करायची, पण शाळेतल्या पोरासारखी, तोंड वाकडं करून. आकडा तीनाच्या पुढे हलेना. तिसऱ्या शनिवारी तर अडीच झाला. मी खचून बांधावर जाऊन बसलो. आईचा फोन आला. मी म्हणालो, "हा, बरा शे मी." फोन ठेवतो तो आजी मागे उभी.

"काय रं हे शे शे?"

"आमच्याकडे असंच बोलतात. आहे म्हणजे शे."

"तुझी माय झोपती का नीट?"

"कांद्याच्या दिवसांत नाही झोपत."

"लाव तिला फोन."

मी लावून दिला. पुढची वीस मिनिटं आजी मराठीत आणि माझी आई अहिराणीत बोलत होत्या. एकीचं दुसरीला किती कळलं देव जाणे, पण दोघी मधूनमधून एकदमच 'हा, ना' म्हणत होत्या. फोन परत देताना आजी म्हणाली, "चांगली बाई हाय. तिला सांग, उठताना नावं घेत जा म्हनून."

मग ती कामाला गेली, आणि त्यानंतर जे झालं ते माझ्या कागदावर कुठेच नाही.

वाफ्याच्या कडेला झेंडूची भरलेली पाटी होती. पाटी उचलायची नाही अशी नामदेवभाऊची सक्त ताकीद होती, पण तो खत आणायला गेला होता. आजीनं जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ डोक्यावर ठेवली, कुणा बाईकडून पाटी वर घेतली आणि बांधावरून निघाली. बांध वीतभर रुंद. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला चिखल. मी ओरडणार होतो, पण ओरडलो तर दचकेल, म्हणून तोंड उघडं ठेवून तसाच राहिलो. अर्ध्या वाटेत ती थांबली. पायाला काहीतरी बोचलं होतं. तिनं डावा पाय उचलला, गुडघ्यात दुमडून हातात घेतला, आणि डोक्यावरच्या पाटीला हात न लावता तळव्यातला काटा शोधू लागली. तेवढ्यात कुत्रं आलं. त्याला ती म्हणाली, "आला का पाव्हना? ऱ्हा तिकडंच. शांताबाई जेवू घालती का तुला?" काटा सापडेना. तिनं बोटाला थुंकी लावली, तळवा पुसला, पुन्हा बघितलं. एक पाय बांधावर, मान ताठ, पाटी जागची हललेली नाही.

माझा अंगठा आपोआप घड्याळावर गेला होता. बावीस सेकंद. आणि मी बटण उशिरा दाबलं होतं.

मी पळत गेलो. "आजी, परत कर!"

"काय परत करू?"

"पाय उचल!"

"कशाला? काटा निघाला."

पाटी खाली उतरवून मी तिला पडवीत उभं केलं. तीन सेकंद. पाटी डोक्यावर दिली. सव्वीस. उतरवली. तीन. आजीला यात काहीच नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "डोकं मोकळं आसलं की म्या उडाल्यावानी व्हते. वर वजन आसलं की कळतं आपुन कुठंय."

असं का होतं हे मला नक्की सांगता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, इतक्या वर्षांची शरीराची सवय असेल, पण एका बाईवरून आपण काही सिद्ध करायचं नाही. मग म्हणाल्या, "डोक्यावर पाटी, असा रकाना आपल्या कागदात नाही ना?" मी म्हणालो, नाही. नामदेवभाऊला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग काय पाटी घेऊन मोरीत जाईल का ती?"

मॅडमनीच वाट काढली. पाटी एकदम काढू नकोस, म्हणाल्या. हळूहळू हलकी कर. मग आम्ही तेच केलं. पहिला आठवडा अर्धी पाटी. मग पाव. मग रिकामी पाटी, तेव्हा आजी म्हणाली, "रिकामी पाटी घेऊन हुभं राह्यलेलं कोनी बघितलं तर म्हनंल माल खपला नाय." मग पाटीसुद्धा काढली आणि नुसती चुंबळ ठेवली. चुंबळीवर आजी बारा सेकंद उभी राहिली. त्या दिवशी मला चहाबरोबर शेवचिवडासुद्धा मिळाला.

पण आता आजी चुंबळ काढेना. झाडताना चुंबळ, जेवताना चुंबळ. एकदा फवारणीच्या औषधांचा विक्रेता नामदेवभाऊकडे आला होता. आजी चुंबळ घालून दारात उभी. तो बोलता बोलता सारखा तिच्या डोक्याकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मावशी, डोक्यावर काही ठेवायचं होतं का?"

"हाय की ठिवलेलं," आजी म्हणाली. "तुला दिसत नाय."

तो पुढचा सगळा वेळ तिच्या डोक्याच्या वीतभर वर बघून बोलला.

मोकळ्या डोक्यानं मात्र आकडा मुंगीच्या चालीनं चढत होता. चार. पाच. दसऱ्याच्या आदल्या शनिवारी सहा. झोपेचंही तसंच. दोनचे तीन झाले होते, एखाद्या दिवशी साडेतीन. कुत्रं रात्री घरी परत आलं.

दसऱ्याला दोन दिवस उरले तेव्हा नामदेवभाऊनं मला बोलावून घेतलं. पडवीत सगळे जमले होते. शांताबाईसुद्धा कुंपणापलीकडून बघत होती. आजीनं पदर खोचला. नामदेवभाऊ म्हणाला, "चुंबळ काढ." आजीनं चुंबळ काढली, माझ्या हातात दिली. चिंधी तिच्या डोक्याच्या उबेनं गरम होती. मी तिच्या मागे गेलो, एका हातात घड्याळ, एका हातात चुंबळ.

तिनं पाय उचलला. एक. दोन. तीन. चार. तिचे ओठ हलत होते. ती नावं घेत होती. पाच. सहा. सात. आणि पाय टेकला.

आजीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. टिंब देता येणार नव्हतं, पण साताचा दहा करणं अवघड नव्हतं. घड्याळ माझ्याच हातात होतं. खरं सांगतो, माझ्या मनात आलं. चाळीस दसरे माझ्या अंगठ्याखाली होते. पण तिचं मोरीतलं टेंगूळही मला आठवत होतं. दहा म्हणालो आणि बाजारात पडली तर काय?

"सात," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. "सात."

नामदेवभाऊनं मोठा श्वास सोडला. त्याला आनंद झाला होता असं मुळीच नाही. "आई, ठरलं व्हतं..."

"ठरलं व्हतं," आजी म्हणाली. "नाम्या, आता तू हुभा राह्य."

"मी?"

"बाजारात तू बी जातो ना? टेम्पोवर चढतो ना? राह्य हुभा. घड्याळ्या, लाव रं."

सगळे बघत होते. नामदेवभाऊ हसला, पाय उचलला, हात पसरले, आणि एकदम डावीकडे झुकून खांबाला मिठी मारली.

"चार," मी म्हणालो. ते मात्र मोठ्यानं निघालं.

"तंबाकू थुंकायला वळलो म्हणून!"

"मंग थुंक आन परत राह्य."

तो थुंकून आला. पाच. कुंपणापलीकडून शांताबाई हसली. सुनंदाताईनं पदर तोंडात घातला. आजी पुढे झाली, मुलाचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "नामू, तू बी नको जाऊ बाबा दसऱ्याला. तोंडावर पडला तर लोक मला इचारतील."

तो खुर्चीत बसून राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं, आणि हसता हसताच त्यानं अटी घातल्या. पायरीवर स्टूल ठेवायचं. सुनंदानं दिवसभर बरोबर राहायचं. पाटी उचलायची नाही. उजाडल्याशिवाय निघायचं नाही. आजीनं सगळ्याला मान डोलावली. चुंबळीबद्दल तो काही बोलला नाही, म्हणून तीही बोलली नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी फूलबाजारात गेलो. छत्रीवाल्याच्या पायरीवर स्टूल होतं, आणि त्यावर सुनंदाताई बसली होती. आजी शेजारी उभी, डोक्यावर चुंबळ, आणि गिऱ्हाइकाला सांगत होती, "कालचा झेंडू म्हनतो? तू कालचा आसशील!" मला बघून तिनं आपट्याची पानं हातात दिली, म्हणाली, "घे, सोनं." मी पाया पडलो. तिनं विचारलं, "त्या कागदावर शेवटी काय लिव्हलं?" मी म्हणालो, सात. "बरं केलं," ती म्हणाली. "दहा लिव्हले असते तर खोटं मानूस म्हनून पहिल्या नंबरावर घेतलं असतं तुला."

मी निघालो. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं. माणसांच्या गर्दीत आजी एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायानं पोटरी खाजवत होती, बहुतेक मुंगी चावली असावी, आणि त्याच वेळी हार मोजून देत होती. माझा अंगठा सवयीनं छातीवर गेला. घड्याळ हॉस्टेलवर राहिलं होतं. मग मधे एक टेम्पो आला.

मी तिला पुन्हा पाहिलं नाही. परीक्षा आल्या, मग घोटीजवळच्या दवाखान्यात आमची पाळी लागली. तिकडे जाताना माझा मोबाईल पाण्यात पडला, त्यातले सगळे नंबर गेले आणि मला स्वतःचाही नवा नंबर घ्यावा लागला. पुढच्या शनिवारी जाऊ, असं म्हणत राहिलो.

जूनमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला. सुनंदाताई होती. माझ्या जुन्या नंबरवर खूपदा करून पाहिला, म्हणाली. शेवटी माझ्या कॉलेजात विचारून नवा मिळवला. आजीला जाऊन दीड महिना झाला होता.

तोंडातून तेच निघालं जे मी सगळ्यांना विचारतो. "झोप कशी होती शेवटी?"

"त्या दिवशी दोनला उठल्या नाहीत. तीनला नाहीत, चारला नाहीत. आम्हाला इतका आनंद झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी पोरांना दम दिला, आवाज करू नका. मिक्सर लावला नाही. ह्यांनी गाडी सुरू न करता रस्त्यापर्यंत ढकलत नेली. सात वाजले, साडेसात वाजले. आम्ही सगळे चवड्यांवर चालत होतो."



"नावं घ्यायच्या का अजून?" मी विचारलं.

"घ्यायच्या ना. पण दसऱ्यानंतर कमी झाली होती. सहा-सातच व्हायची. मग दहा भरायला फुलांची नावं घ्यायच्या. तुमचं मात्र शेवटपर्यंत होतं हां. येत नाही म्हणून."

फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "आणखी एक. नेताना ह्यांनी सगळ्यांना थांबवलं. आत गेले, चुंबळ शोधून आणली आणि डोक्याखाली ठेवली. भटजी म्हणाले हे काय? तर हे म्हणाले, राहू द्या. डोकं मोकळं आसलं की तिला कळत नाय, आपुन कुठंय ते."